वऱ्हाडाची ४९ सीटर, ताम्हिणी घाट आणि रात्रीच परत निघायचा हट्ट: भाड्याच्या बसचा रिव्ह्यू

स्टार देताना माझी पंचाईत झालीय. बस चांगली होती, ड्रायव्हर एक नंबर, आणि ज्याच्याकडून बस घेतली त्या ट्रॅव्हल्सवाल्याला मात्र दोनच्या वर स्टार द्यायला हात धजत नाही. नाव लिहीत नाहीये. एक तर मला भांडण नको आणि दुसरं म्हणजे असा मालक काही हा एकटाच नाही, लग्नसराईत पाच जणांना फोन करा, त्यातले चार जण "रात्रीच परत निघा" हेच बोलतात. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या एका माणसाचा कमी आणि घाटातून वऱ्हाड नेणाऱ्या बसचा जास्त समजा, ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना उपयोगी पडेल.

काम साधं होतं. मामेभावाचं लग्न, मुलगी श्रीवर्धनची, आम्ही सगळे पुण्याचे. मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता. पहाटे निघायचं, लग्न लावायचं, परत यायचं. बुकिंग माझ्या गळ्यात पडलं कारण घरात फोनवर कटकट करायला मीच बरी असं सगळ्यांचं मत आहे.

आता मी बुकिंगच्या आधी रिव्ह्यू वाचत बसले होते, वेगवेगळ्या ट्रॅव्हल्सचे, आणि गंमत अशी की शंभरातले नव्वद रिव्ह्यू एसी, चार्जिंग पॉइंट, पुशबॅक, ब्लँकेटला वास येत होता का, टीव्ही चालत होता का, यावर. एखाद्याने लिहिलेलं "ड्रायव्हर फास्ट आहे, वेळेच्या आधी पोचवलं", आणि त्याला पाच स्टार! घाटात वेळेच्या आधी पोचवलं म्हणून पाच स्टार. ताम्हिणीत २० डिसेंबर २०२४ ला लग्नाला निघालेलीच बस वळणावर उलटली होती, पुण्याहून महाडकडे चाललेली, पाच जण गेले, ते वऱ्हाड आमच्यासारखंच सकाळी नटून निघालेलं असणार. ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली होती आणि तरी फोनवर पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच की एसी आहे ना.

तर मी जरा वेगळे प्रश्न विचारले. गाडीचा नंबर आधी द्या म्हटलं. हे ऐकून मालक थोडा बिचकला पण दिला. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, परमिट सगळं दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे. कमर्शियल गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. आमची गाडी नवीच होती, कागद सगळे चालू. इथे मालकाला पूर्ण मार्क.

पण कागद चालू म्हणजे गाडी चांगली असं मात्र धरून चालू नका. इटलीत २८ जुलै २०१३ ला मोंतेफोर्ते इर्पिनोजवळ एक बस हायवेच्या पुलावरून खाली गेली, तीर्थयात्रेहून परत येणारी माणसं होती, चाळीस जण मेले. उतारावर ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांना देणारा दांडा, सुटून पडला आणि त्याने ब्रेकची लाइन तोडली. चौकशीत निघालं काय, तर गाडीचं पासिंग खोटं, गाडी न तपासता कागद केलेला. आणि वर पुलाच्या कठड्याचे बोल्ट गंजलेले, त्यामुळे बस कठड्याने अडलीच नाही. बसमालकाला शिक्षा झाली, पासिंगच्या ऑफिसातल्या माणसाला झाली आणि रस्ता सांभाळणाऱ्या कंपनीच्या लोकांनाही झाली. आपल्याकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमी काय, "चालकाचे नियंत्रण सुटले". झालं, विषय संपला. नियंत्रण का सुटलं ते कुणी विचारत नाही, आणि बऱ्याचदा ड्रायव्हरच मेलेला असतो त्यामुळे उत्तर द्यायलाही कुणी नसतं.

भाव ठरवताना काका मध्ये पडले. काका म्हणजे घासाघीस हा त्यांचा छंद आहे, बोलत बोलत त्यांनी बरेच पैसे कमी करून घेतले आणि वर मालकाला म्हणाले "आता झालं ना, फायनल". मालक हसत "तुमच्यासाठी म्हणून" वगैरे. हे कमी झालेले पैसे नेमके कशातून कमी झाले ते आम्हाला त्या रात्री कळलं, त्याबद्दल पुढे येतेच. जपानमध्ये १५ जानेवारी २०१६ ला कारुइझावाच्या डोंगरात स्कीइंगला निघालेल्या पोरांची बस रस्ता सोडून खाली गेली, पंधरा गेले, त्यातले तेरा कॉलेजची मुलं. तिथे बसच्या भाड्याला सरकारने खालची मर्यादा ठरवलीय, त्याच्या खाली घ्यायचं नाही, आणि या कंपनीने त्याच्याही खाली ट्रिप घेतली होती. ड्रायव्हरला एवढ्या मोठ्या बसची सवय नव्हती. शेवटी कंपनीच्या मालकाला आणि ड्युट्या लावणाऱ्या मॅनेजरला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्याकडे भाव वर किती घ्यावा यावर बोंब होते, सीझनला दुप्पट घेतात म्हणून, पण एखाद्याने फारच कमी सांगितला तर कुणी विचारत नाही की बाबा हा परवडतो कसा तुला.

बस बघायला आदल्या दिवशी जायचं होतं पण गाडी बाहेर होती, शिर्डीची ट्रिप. हे लक्षात ठेवा.

सकाळी पाचला बस दारात, वेळेवर. स्वच्छ, सीट मऊ, मान टेकायला जागा, पाय पसरता येतात, एसी मस्त, फक्त मागच्या रांगेला पाणी टपकत होतं. यापलीकडे सीटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बेल्ट मात्र फक्त पहिल्या रांगेला आणि ड्रायव्हरला. दरीत गेलेल्या किंवा उलटलेल्या बसमधली बरीच माणसं आत चिरडून नाही, खिडकीतून बाहेर फेकली जाऊन आणि मग बसखाली सापडून मरतात, म्हणजे बेल्ट ही काही पोलिसाला दाखवायची गोष्ट नव्हे. काच फोडायची हातोडी होती पण तारेने बांधून ठेवलेली, का तर "लोक घेऊन जातात". संकटात दाबायचं लाल पॅनिक बटण होतं. २०१९ पासून नवीन पब्लिक गाड्यांना जीपीएस आणि हे बटण कंपल्सरी आहे. मी विचारलं चालतं का, तर क्लीनर म्हणाला "ताई ते पासिंगपुरतं". आणि ताम्हिणीत तर मोबाइलला रेंज नाही बऱ्याच पट्ट्यात, म्हणजे बटणही नाही आणि फोनही नाही. दोन स्टार इथेच गेले असते पण खरं सांगते, बाकीच्या बसवाल्यांकडे याहून वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

सामानावरून पहिली चकमक. रुखवताचे खोके, आहेराच्या बॅगा, भांडी, आणि कुणाला तरी ढोल पण न्यायचा होता. मागच्या इमर्जन्सी दरवाजापुढे खोके रचून मोकळे झाले सगळे. ते काढायला लावले. मग म्हणे टपावर टाकू. यावर ड्रायव्हरच नाही म्हणाला, आणि इथे मला तो माणूस पहिल्यांदा आवडला. पन्नाशीच्या पुढचा, बारीक, फार न बोलणारा, कोल्हापूरकडचा असावा बोलण्यावरून. "टपावर वजन नको ओ, वळणाला गाडी अंग टाकतीया." एवढंच. सामान खाली डिकीत गेलं, जे मावलं नाही ते एका कारमध्ये. बस आधीच उंच, त्यात वरती वजन टाकलं की तिचा तोल आणखी वर जातो आणि वळणावर उलटायला कमी स्पीड पुरतो, हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे पण आमच्याकडच्या दोन इंजिनिअरपैकी एकालाही सुचलं नाही.

दुसरी चकमक माणसांवरून. ४९ सीट, आणि निघताना नेहमीप्रमाणे चार जण जास्त, "मध्ये स्टूल टाकून बसतील ना, पोरंच आहेत". ड्रायव्हरने मालकाला फोन लावला, मालक म्हणाला घे रे घरचेच लोक आहेत. घरचे लोक म्हणून घाटात वजन कमी भरतं का? तेलंगणात कोंडगट्टूच्या घाटात ११ सप्टेंबर २०१८ ला आरटीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी एसटीची, बस गेली, साठहून जास्त माणसं मेली, बसमध्ये सीटच्या जवळपास दुप्पट लोक होते. उत्तराखंडात अल्मोड्याच्या मार्चुलाजवळ ४ नोव्हेंबर २०२४ ला तेच, ४३ सीटर, आत साठच्या आसपास, ३६ गेले. जास्तीची माणसं म्हणजे ब्रेकवर जास्तीचं वजन, आणि उलटलीच तर मधल्या पॅसेजमध्ये बसलेल्याला धरायला काहीही नाही. आमच्या चार जणांना शेवटी कारमध्ये कोंबलं, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता घाट. ज्यांनी ताम्हिणी फक्त पावसाळ्यात कारने, धबधब्यापाशी फोटो काढायला म्हणून केलाय त्यांना बसचा ताम्हिणी माहीत नाही. मुळशीचं धरण उजव्या हाताला ठेवत ठेवत जातो तोपर्यंत काही वाटत नाही, ताम्हिणी गाव गेलं की मग खरा उतार, खाली विळे गावापर्यंत. वळणं आंधळी, काही ठिकाणी कठडा आहे, काही ठिकाणी नुसता पांढरा रंग दिलेले दगड, आणि समोरून येणारा कारवाला आपल्या बापाचा रस्ता असल्यासारखा मधून येतो.

उतार सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. क्लीनरने खाली उतरून टायर ठोकून बघितले, चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला हात जवळ नेऊन बघितला. ड्रायव्हर सीटवरूनच ब्रेकच्या हवेचा काटा बघत होता, दोनतीनदा ब्रेक दाबून सोडला, काटा किती उतरतो आणि परत भरतो का ते बघितलं. मी पुढेच बसले होते म्हणून दिसलं, मागे सगळे अंताक्षरीत. मग तिसरा गिअर टाकला आणि जवळपास पूर्ण घाट त्या तिसऱ्यात आणि दुसऱ्यात उतरवला. ब्रेक फार कमी. एक बारीक स्विच दाबला की इंजिनचा आवाज बदलायचा, फर्र्र्र असा, तो एक्झॉस्ट ब्रेक. मी विचारत होते आणि तो वळण नसलं की उत्तर देत होता, वळणावर गप्प.

तर मला जे समजलं आणि नंतर मी वाचून पडताळलं ते असं. पंधरा टनाची भरलेली बस पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा ती सगळी ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे, हिशोब केला तर साधारण वीस युनिट वीज होते, म्हणजे घरचा दोन किलोवॅटचा गिझर सलग दहा तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता निघेल तेवढी, आणि ती अर्ध्या तासात. हे सगळं जर ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर, टाकलं तर लायनर तापतं, जळका वास येतो, आणि तापलेलं लायनर ड्रमला धरतच नाही, पाय खाली गेला तरी गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाला म्हणतात ना, त्यातले बरेच ब्रेक फेल झालेले नसतात, ते तापून मेलेले असतात, आणि दोन तासांनी आरटीओचा माणूस तपासायला येतो तोपर्यंत गार होऊन परत चांगले झालेले असतात. शिवाय मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर, सारखा सारखा दाबला की टाकीतली हवा उतरते. फारच उतरली की स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो, पण तोही त्याच तापलेल्या ड्रमवर.

म्हणून गिअर. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं, एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धूर बाहेर जायची वाट अडवून इंजिनला आणखी जड करायचं, आणि ब्रेकचा पाय फक्त वळणापुरता. पण हे सगळं कधी, तर गाडी गिअरमध्ये असेल तरच. न्यूट्रल केली की इंजिन सुटलं, एक्झॉस्ट ब्रेक सुटला, सगळा भार लायनरवर. आणि उतारावर न्यूट्रल मारायची सवय आपल्याकडे किती जणांना आहे? डिझेल वाचतं म्हणे. ड्रायव्हरमामांनी सांगितलं की काही मालक डिझेलचं अॅव्हरेज काढतात, जास्त लागलं तर पगारातून कापतात, मग पोरं घाटात गाडी फ्री सोडतात. बरं, अॅव्हरेजसाठी मरायचं तर आता नवीन गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना पाय काढला की डिझेल सोडतच नाहीत, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही, उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच. पण हे त्या मालकाला कोण सांगणार.

आणखी एक. स्पीड गव्हर्नर आहे हो ताई, ८० च्या वर जात नाही, असं मालक बुकिंगला अभिमानाने सांगत होता. गव्हर्नर इंजिनला जाणारं डिझेल तोडतो. उतारावर गाडी गुरुत्वाकर्षणाने पळतेय तिथे डिझेल तोडून काय होणार? आणि ताम्हिणीच्या वळणाला ८० म्हणजे काय चेष्टा आहे का, तिथे पंचवीस तीसच्या वर बसला कामच नाही.

फ्रान्समध्ये लाफ्रे नावाचा एक उतार आहे आल्प्समध्ये, तिथे १९७३ ला ४३ जण मेले, १९७५ ला २९, आणि २००७ ला परत २६, तिन्ही वेळेला वरच्या तीर्थक्षेत्राहून परत येणाऱ्या भाविकांच्या बसेस. बंदी होती, बोर्ड होते, खास ब्रेक असल्याशिवाय आणि परवानगीशिवाय बस आणायची नाही असा नियम होता, तरी २००७ ची बस त्या रस्त्याला आलीच. म्हणजे हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आणि भाविकांच्या बसचं आपलंही तसंच, सप्तशृंगीच्या घाटात जानेवारी २००८ मध्ये चाळीसहून जास्त माणसं गेली होती, वणीची वारी करणाऱ्यांच्या घरात ती अजून लक्षात असेल.

मागून कुणीतरी ओरडलं, मामा जरा पळवा, मुहूर्त चुकेल. ते आरशात बघून म्हणाले "मुहूर्त पावणेबाराचा हाय, आपण धाला पोचतूय." आणि तेवढ्यावर तिसराच ठेवला. समोरून ट्रक चढत आला तेव्हा याने आपली गाडी थांबवून त्याला जाऊ दिलं. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे डोंगरातल्या अरुंद रस्त्याला, पण उतरणारा थांबलेला मी क्वचितच बघितलाय. विळ्याला खाली पोचल्यावर परत दोन मिनिटं गाडी उभी, ड्रम बघितले, कोमट होते म्हणाला. कोमट! एक वासही आला नाही अख्ख्या घाटात. ड्रायव्हरला पाचपैकी पाच, सहावा असता तर तोही.

लग्न छान झालं. जेवण अप्रतिम, पण ते या रिव्ह्यूचा विषय नाही.

आता तो रात्रीचा प्रकार. संध्याकाळी आठच्या सुमारास मालकाचा मला फोन, किती वाजता निघताय. मी म्हटलं ठरल्याप्रमाणे जेवून निघू, दहा वाजतील. "हां मग बरोबर, दोन अडीचला पुण्यात, सकाळी सहाला गाडीला कंपनीची ट्रिप आहे." कंपनीची ट्रिप म्हणजे? दुसरा ड्रायव्हर ना? तर नाही. हाच ड्रायव्हर. आणि मग बोलता बोलता निघालं की आदल्या रात्री शिर्डीहून गाडी आली ती बारा वाजता, हा माणूस दोन वाजता गाडी धुवून झोपला आणि पहाटे पाचला आमच्या दारात. दिवसा मांडवामागे डिकी उघडून त्यात आडवा झाला होता, कोकणातल्या उन्हात, बाजूला डीजे. तेवढी त्याची झोप. मी विचारलं दोन ड्रायव्हर का नाही दिले, तर मालक काय म्हणाला, ताई त्या रेटमध्ये दुसरा ड्रायव्हर बसत नाही. काकांनी फायनल केलेला रेट तो हा.

मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट १९६१ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, हे त्यात लिहिलेलं होतं साठ वर्षांहून जास्त काळ. त्या माणसाने त्या दोन दिवसांत किती तास स्टिअरिंग धरलं ते मोजायला कुणी नाही. युरोपात बसच्या आत यंत्र असतं जे सगळे तास नोंदवतं, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच. आपल्याकडे ड्रायव्हरने तोंडाने सांगायचं की झोप झालीय, आणि तो नाही झाली असं म्हणाला तर उद्यापासून दुसरा.

मी म्हटलं आम्ही रात्री निघत नाही, सकाळी निघू. त्यावर पहिला विरोध मालकाचा नाही, आमच्याच घरच्यांचा. कुणाला सोमवारी ऑफिस, कुणाच्या मुलीचा पेपर, आत्याला दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही. दोन भाऊ म्हणाले आम्ही पुढे बसतो, मामांशी गप्पा मारतो, झोपूच देत नाही. गप्पा मारून झोप जात असती तर अजून काय पाहिजे होतं. आणि ते पोचणार कधी ताम्हिणीत, रात्री साडेबारा एकला, त्यानंतरचे पहाटेपर्यंतचे तास तर शरीराला सगळ्यात जड, कितीही चहा पाजा. खोपोलीला जुन्या हायवेवर शिंग्रोबाच्या मंदिराजवळ १५ एप्रिल २०२३ ला बस खाली गेली ती पहाटेच, गोरेगावच्या झांज पथकातली पोरं पुण्याचा कार्यक्रम करून रात्री निघाली होती, तेरा गेले. आणि दिवसाढवळ्या काय होत नाही असंही नाही, २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातले लोक महाबळेश्वरला सहलीला निघालेले, सकाळची वेळ, अख्ख्या बसमधला एकटा वाचला. पण रात्री उजेड नाही, रेंज नाही, आणि बस खाली गेलीय हे वरून जाणाऱ्याला दिसणारही नाही, मग दोर लावून खाली उतरणारी माणसं तरी कधी येणार. मी हे सगळं मांडवात उभं राहून बोलले आणि मला माहितीय की लग्नाच्या घरात असं बोलणाऱ्या बाईकडे कसं बघतात.

शेवटी मामांना, म्हणजे ड्रायव्हरमामांना, विचारायचं ठरलं. ते म्हणाले "तुमी म्हनाल तसं." हे उत्तर घेऊन काय करायचं? त्या बिचाऱ्याला नाही म्हणायची सोयच नाही. म्हणून हा प्रश्न ड्रायव्हरला विचारायचाच नसतो, तो आपण ठरवायचा असतो आणि मालकाला सांगायचा असतो.

मालकाने मग नाईट हॉल्टचे वेगळे, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा आणि कंपनीची ट्रिप बुडाली त्याचे वेगळे मागितले. पहिले दोन दिले, तिसरे नाही दिले, त्यावर अर्धा तास फोनवर तमाशा. "आजवर माझ्या गाडीला काही झालेलं नाही" हे तो तीनदा म्हणाला. भत्ता मी मालकाला न देता ड्रायव्हरच्या हातात दिला. मुलीकडच्यांनी मात्र फार चांगल्या मनाने केलं, ड्रायव्हर आणि क्लीनरला माडीवर खोली, पंखा, गादी. सकाळी सातला निघालो, चढताना घाट कसा संपला कळलंही नाही, साडेअकरा बाराला घरी. पेपरवाल्या मुलीचा पेपर दुपारचा होता, तिने दिला.

एसटीचं पण सांगते कारण लोक विचारतील. लग्नाला एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या कार्यक्रमापुरती भाड्याने, मिळते, डेपोत अर्ज करायचा, पैसे आधी भरायचे. सीट कडक, एसी नाही, ढोल वाजवला तर ड्रायव्हर वैतागतो. पण तिथे ड्रायव्हरची ड्युटी डेपो लावतो, मालकाच्या मोबाइलवर ठरत नाही, आणि रात्री वस्तीला थांबणं तर एसटीच्या ड्रायव्हरला रोजचंच, वस्तीची गाडी हा प्रकारच आहे. एसटीला अपघात होत नाहीत असं अजिबात नाही, सप्तशृंगीच्या घाटात जुलै २०२३ मध्ये एसटीच गेली होती खाली. तरी घाटाचं लग्न असेल आणि म्हातारी माणसं कडक सीट सहन करणार असतील तर मी आधी डेपोत विचारीन.

तर स्टार. गाडी चार. ड्रायव्हर पाच. कागदपत्रं पाच. बेल्ट, हातोडी आणि ते शोभेचं लाल बटण मिळून एक. मालक दोन, ते सुद्धा गाडीचा नंबर आधी दिला म्हणून, नाहीतर एकच. परत याच्याकडून बस घेईन का? घेईन, पण हाच ड्रायव्हर पाहिजे असं नाव घेऊन, आदल्या दिवशी त्या ड्रायव्हरला ट्रिप नको असं बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहून घेऊन, आणि नाईट हॉल्टचे पैसे भावातच धरून. घासाघिशीला काकांना नेणार नाही. डिपॉझिटमधले काही पैसे अजून मालकाकडे अडकलेत, सोमवारी देतो म्हणालाय, नाही दिले तर इथेच खाली लिहीन.